फिरतीचा माणूस आणि भरवशाचे ताट

हौशी प्रवासी आणि फिरतीवरचा नोकरदार एकाच गाडीतून उतरतात. पण स्थानकाबाहेर पाऊल टाकताच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. प्रवाशाला काही नवे, काही निराळे चाखून पाहायचे असते. ते फसले तरी परतल्यावर सांगायला एक हकिकत मिळते. फिरतीवरच्या माणसाला ही चैन परवडत नाही. बँकेचा तपासनीस, औषध कंपनीचा प्रतिनिधी, विद्यापीठाचा बहिःस्थ परीक्षक, विमा महामंडळाचा अधिकारी, निवडणुकीच्या कामावर पाठवलेला शिक्षक, कोर्टाच्या तारखेला कागदपत्रे घेऊन निघालेला कारकून, ही सारी मंडळी परगावी जेवतात ती दुसऱ्या दिवशी कामावर उभे राहता यावे म्हणून. भत्ता ठरलेला, वेळ मोजकी आणि पोट बिघडले तर काळजी घेणारे कोणी जवळ नाही, अशा तिहेरी बंधनात त्यांची निवड होत असते.

आणि तरीही, कोणत्या गावात कोठे बरे जेवण मिळते, कोणत्या लॉजमध्ये चादर धुतलेली असते आणि पहाटे अंघोळीला गरम पाणी मिळते, याची सर्वांत विश्वसनीय माहिती याच वर्गाजवळ असते. ती बहुधा कोठे छापलेली नसते. बदली होऊन जाणारा ती नव्याने येणाऱ्याला सांगतो. कार्यालयाच्या दप्तरात नसलेला, पण दप्तराइतकाच उपयोगी असा हा वारसा आहे. अशी ठिकाणे नशिबाने सापडतात, असा सर्वसाधारण समज दिसतो. वस्तुतः ती घडवली जातात, आणि ती घडवण्यात मालकाइतकाच पुनःपुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाचाही वाटा असतो. ही गोष्ट ध्यानात घेतली, तर आज ती का नाहीशी होत आहेत आणि त्याबाबत काय करता येईल, याचाही उलगडा होतो.

एका विक्रेत्याची यादी

या वारशाचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. डंकन हाइन्स हा शिकागोच्या एका छपाई कंपनीचा फिरता विक्रेता होता. कामानिमित्त गावोगाव मोटारीने हिंडताना चांगले आणि स्वच्छ जेवण कोठे मिळते, याच्या नोंदी तो ठेवत असे. त्या काळी अमेरिकेत मोटारी वाढल्या होत्या, रस्ते वाढले होते. परंतु रस्त्याकडेच्या उपाहारगृहांच्या स्वच्छतेविषयी खात्री देणारे फारसे कोणी नव्हते. हाइन्सच्या नोंदींची कीर्ती पसरली आणि ओळखीची माणसे प्रवासाला निघण्यापूर्वी त्याला विचारू लागली. या विचारणांना उत्तर म्हणून त्याने १९३५ च्या नाताळात शुभेच्छापत्राऐवजी आपल्या पसंतीच्या १६७ उपाहारगृहांची यादीच छापून मित्रांना धाडली. मागणी एवढी आली की, १९३६ साली त्या यादीचे पुस्तक झाले. १९३८ साली मुक्कामाच्या ठिकाणांचे दुसरे पुस्तक निघाले. तेव्हा हाइन्सने पन्नाशी ओलांडली होती.

त्याच्या शब्दाला वजन आले याचे कारण त्याची रसना असामान्य होती हे नव्हे. जेवणाचे पैसे तो स्वतः देई आणि स्वयंपाकघर स्वच्छ आहे की नाही याबाबत कमालीचा काटेकोर असे. पुढे १९५० च्या दशकात त्याचे नाव तयार केकच्या पिठाच्या पुड्यांवर आले आणि एका बड्या कंपनीच्या मालकीचे झाले. १९५९ साली तो वारला. आज अमेरिकेत अनेकांना हे नाव केवळ पुड्यावरचे म्हणून ठाऊक आहे. एका फिरत्या नोकरदाराने कमावलेला विश्वास अखेर बाजारात विकण्याजोगी मत्ता ठरला, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

परत येणारे गिऱ्हाईक

अर्थशास्त्राने या विश्वासाचा विचार बराच उशिरा केला. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा १९७० साली प्रसिद्ध झालेला निबंध मुख्यतः जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी आहे. मालाची खरी प्रत विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असेल, तर चांगला माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो, हा त्याचा गाभा. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकामागे हेच संशोधन होते. याच निबंधात उपाहारगृहांच्या साखळ्यांविषयी एक मार्मिक निरीक्षण आहे. अशा साखळ्या दोन शहरांमधल्या महामार्गावर अधिक आढळतात, कारण तेथील गिऱ्हाईक स्थानिक नसते. अनोळखी माणसाला नावाची खात्री पुरते. ज्याला गाव माहीत आहे, तो आपले ठिकाण स्वतः निवडतो.

फिरतीवरचा माणूस या दोहोंच्या मधला आहे. तो गावचा नसतो आणि परकाही नसतो. समजा, एखादा प्रतिनिधी महिन्यातून दोनदा एका गावी मुक्कामाला येतो आणि ही फिरती दहा वर्षे चालते. म्हणजे २४० मुक्काम झाले. शिळी भाजी ताज्या भाजीत मिसळून मालकाला एका ताटामागे दहा रुपये सुटतीलही. पण त्यासाठी तो २४० मुक्काम पणाला लावतो. शिवाय हा माणूस एकटा नसतो. त्याच्यामागे त्याच्या धंद्यातली आणखी दहा माणसे असतात आणि ती संध्याकाळी एकाच चौकात चहाला भेटतात. अशा स्थितीत प्रामाणिकपणा हा मालकाचा सद्गुण असेलच, पण तो त्याचा व्यवहारही असतो.

याच्या उलट स्थिती पाहायची असेल, तर रात्रीच्या बसचा ठरलेला थांबा पाहावा. प्रवाशांना तेथेच उतरावे लागते, वेळ पंधरा-वीस मिनिटांची, आसपास दुसरे दुकान नाही. बस कोठे थांबवायची हे ज्याच्या हाती, त्याचे जेवण अनेक ठिकाणी मोफत असते; प्रवाशाचे मत मात्र कोणी विचारत नाही. आज उतरलेले चाळीस प्रवासी उद्या येणार नाहीत, उद्या दुसरे चाळीस येतील. तेथला चहा पाणचट आणि दर चढा असतो, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. चांगल्या खानावळीत आणि या थांब्यावर काम करणारी माणसे निराळ्या स्वभावाची असतात असे मानण्याचे कारण नाही. निराळे असते ते गिऱ्हाईक आणि मालक यांचे नाते.

कामाच्या वाटेवरची ठिकाणे

आपल्याकडील नामांकित ठिकाणांकडे या दृष्टीने पाहिले, तर प्रत्येकामागे कामाची एखादी वाट दिसते. कर्जतच्या वड्याचे उदाहरण घ्या. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. हा चढ इतका तीव्र आहे की, पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागत. इंजिने जोडेपर्यंत गाडी थांबणार, आणि थांबलेल्या गाडीतील माणसाला भूक लागणार. या तांत्रिक गरजेतून फलाटावरच्या बटाटेवड्याची बाजारपेठ निर्माण झाली, आणि दिवाडकरांच्या वड्याने तेथे नाव मिळवले. येथेही वेळ थोडी आणि गिऱ्हाईक अडलेलेच, मग माल का घसरला नाही? मुंबई-पुणे मार्गावर वरचेवर कामासाठी येजा करणारी हजारो माणसे हे त्याचे उत्तर होय. गाडी निघून जाई. गिऱ्हाईक मात्र त्याच आठवड्यात परत येई.

मुंबईत नोकरीसाठी आलेल्या दक्षिणेकडील कारकुनांना आपले जेवण हवे होते. ती गरज उडुपीकडून आलेल्या मंडळींनी ओळखली. माटुंगा स्थानकाबाहेर ए. रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेले श्रीकृष्ण बोर्डिंग हे त्यांतले एक. बोर्डिंग या शब्दातच महिनाभर जेवणाऱ्याची कल्पना अनुस्यूत आहे. केळीच्या पानावरचा तो भात पुढे कामानिमित्त मुंबईत येणाऱ्या मराठी माणसानेही आपलासा केला. बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया हे इराणी उपाहारगृह १९२३ चे. बंदर आणि कचेऱ्यांच्या त्या वस्तीत रात्री शुकशुकाट असतो. म्हणून हे ठिकाण कित्येक वर्षे दुपारच्या जेवणापुरतेच उघडे राहिले. गोदीच्या कामाला आलेला परगावचा माणूस आणि रोजचा कारकून तेथे एकाच टेबलावर बसत. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाउस १९३५ साली उघडले, ते नानासाहेब सरपोतदार या चित्रपट निर्मात्याने. कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या कलावंताला घरगुती जेवण आणि टेकायला जागा किती मोलाची असते, हे त्या व्यवसायातील माणसाला वेगळे सांगावे लागले नसणार.

इंडियन कॉफी हाउसची कहाणी आणखी बोलकी आहे. कॉफी मंडळाने आपली कॉफीगृहे बंद करण्यास सुरुवात केली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था स्थापन करून ती चालवण्यास घेतली. पहिली संस्था १९५७ साली बंगळूरमध्ये उभी राहिली. अनोळखी शहरात उतरलेल्या अनेक नोकरदारांना फेटेवाला वाढपी पाहून हायसे वाटते, कारण आत काय मिळेल आणि किती पैसे पडतील याचा अंदाज असतो. साखळीच्या नावाची खात्री केवळ बड्या भांडवलालाच देता येते असे नाही. सहकारालाही ती देता आली, हे महाराष्ट्रासारख्या सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्या राज्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दार कोणासाठी उघडे होते?

येथवरच्या वर्णनाने जुना काळ सुखाचा होता असा ग्रह होईल. तो अपुरा ठरेल. भरवशाचे ताट मिळण्यापूर्वी दारातून आत जाता आले पाहिजे, आणि हे दार सर्वांना उघडे नव्हते.

१९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन परतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी त्या शहरात गेले. तेही कामानिमित्तचेच जाणे होते. हिंदू हॉटेलात त्यांना जागा मिळणे शक्य नव्हते. अखेर एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून त्यांना राहावे लागले. सुमारे अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना तेथून घालवून देण्यात आले. शहरात दुसरा आसरा मिळेना, तेव्हा रात्रीच्या गाडीची वाट पाहत एका सार्वजनिक बागेत बसण्याची पाळी त्यांच्यावर आली. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. एका विद्वानाची नोकरी मुक्कामाच्या जागेअभावी सुटली, असे या प्रसंगाचे रोखठोक वर्णन करता येईल.

ज्या १९३६ साली हाइन्सचे पुस्तक निघाले, त्याच साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने कृष्णवर्णीयांसाठी एक छोटी पुस्तिका काढली. कोणत्या हॉटेलात त्यांना अपमानाशिवाय खोली आणि जेवण मिळेल, याची ती यादी होती. पुढे तिच्यासाठी गावोगावच्या पोस्टमन मंडळींकडूनही माहिती मिळत गेली. एकाच देशात, एकाच वर्षी, फिरतीवरच्या दोन माणसांनी दोन याद्या केल्या. एकाचा प्रश्न जेवण चांगले कोठे मिळेल हा होता, दुसऱ्याचा जेवण मिळेल तरी कोठे हा होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतील असा भेदभाव बेकायदा ठरवला आणि त्यानंतर अल्पावधीतच ती पुस्तिका निघेनाशी झाली. आपल्या संविधानाने १९५० सालीच पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश नाकारण्यास मनाई केली. १९५५ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला. तेव्हा ज्या भरवशाच्या ताटाचे आपण कौतुक करतो, त्याच्या मागे पुनःपुन्हा येणारे गिऱ्हाईक आहे, तसाच कायदा आणि त्यासाठी झालेला झगडाही आहे. बाजाराने आपण होऊन हे दार उघडले नव्हते.

कायद्याने उघडलेले हे दार एकट्या स्त्रीसाठी मात्र आजही अनेक ठिकाणी अर्धेच उघडते. परीक्षक म्हणून आलेली प्राध्यापिका, तपासणीला आलेली बँक अधिकारी वा औषध कंपनीची प्रतिनिधी यांना छोट्या गावच्या लॉजमध्ये नोंदवहीपेक्षा अधिक प्रश्न विचारले जातात. खोलीला आतून नीट कडी आहे का, जिन्यावर दिवा आहे का, खानावळीच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, यांवर त्यांची निवड ठरते. पदार्थाची चव त्यानंतर येते. पुरुष सहकाऱ्यांकडून तोंडी मिळणाऱ्या यादीत या बाबी बहुधा नसतात, आणि म्हणून ती यादी त्यांच्या फारशी कामाची नसते.

वाट वळली, पावती बदलली

गेल्या पंचवीस वर्षांत या जुन्या नात्यावर दोन बाजूंनी ताण आला आहे. पहिला रस्त्याचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. सुमारे ९५ किलोमीटरच्या या रस्त्याने वेळ वाचला, हे निर्विवाद आहे. पण जुन्या रस्त्यावरून, खोपोलीवरून जाणाऱ्या बहुसंख्य मोटारी नव्या मार्गावर गेल्या, आणि प्रवासी गावात उतरण्याऐवजी कुंपणाच्या आतील मोठ्या फूड मॉलमध्ये उतरू लागला. रमाकांतच्या वड्यासारखी काही नावे जुन्या रस्त्यावर टिकली. सर्वांना ते साधणे शक्य नव्हते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. सुरुवातीच्या काळात या रस्त्यावर खाण्यापिण्याच्या आणि स्वच्छतागृहांच्या सोयी अपुऱ्या असल्याची ओरड झाली. प्रवेश-नियंत्रित रस्ता गावाला बाजूस ठेवतो. त्यामुळे गावच्या खानावळीला जे काम आपोआप मिळत होते, ते आता कोणीतरी योजून द्यावे लागते. अशी योजना करताना जागेचे भाडे परवडेल तोच आत येतो आणि गिऱ्हाईक पुन्हा बसथांब्यावरच्या प्रवाशासारखे अडकलेले असते.

दुसरा ताण पावतीचा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या आदेशाप्रमाणे फिरतीवरील पाचव्या वेतनस्तरापर्यंतच्या कर्मचाऱ्यास खोलीसाठी दिवसाला ४५० रुपये आणि जेवणासाठी ५०० रुपये अशी मर्यादा घालण्यात आली. सर्वोच्च स्तरांसाठी हेच आकडे ७,५०० आणि १,२०० रुपये होते. महागाई भत्त्याबरोबर या मर्यादा वाढवण्याची तरतूदही आहे. म्हणजे शिपाई-कारकून आणि सचिव यांच्या भुकेत अडीचपटींहूनही कमी अंतर मानले गेले, पण त्यांच्या झोपेत सोळापटींहून अधिक. ४५० रुपयांत बऱ्या शहरात स्वच्छ खोली मिळणे अवघड, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. मात्र या आदेशातील एक गोष्ट शहाणपणाची आहे. जेवणाचा भत्ता बिलावर नव्हे, तर किती तास मुख्यालयाबाहेर काढले त्यावर ठरतो. त्यामुळे कर्मचारी कोठेही जेवण्यास मोकळा राहतो. अनेक खासगी कंपन्यांत याउलट रीत आहे. तेथे छापील, करक्रमांक असलेले बिल लागते. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या खानावळीला अशी नोंदणी सक्तीची नाही. ती वहीच्या कागदावर हिशेब लिहून देते, आणि तो कागद लेखा विभागात चालत नाही. परिणामी जेथे जेवण चांगले तेथे न जाता जेथे बिल चांगले तेथे प्रतिनिधीला जावे लागते. गिऱ्हाईक मालाच्या प्रतीवर दूर गेले असते, तर मालक सुधारला असता. पावतीपायी गेलेल्या गिऱ्हाइकापुढे त्याचा इलाज चालत नाही.

मोबाइलवरील गुणांकनाने ही उणीव भरून निघाली, असे काही जण म्हणतील. काही अंशी ते खरेही आहे; एकट्या प्रवासिनीला तर अनोळखी स्त्रियांचे अभिप्राय वाचून मोठाच आधार मिळतो. परंतु गुण देणारा बहुधा एकदाच आलेला असतो आणि त्याला नावीन्याची ओढ असते. चाळीसाव्यांदा आलेला माणूस गुण देत बसत नाही. तो एकेचाळीसाव्यांदा येतो. त्याची संमती कोणत्याही आकड्यात उमटत नाही.

काय करता येईल?

उपाय अवाढव्य नाहीत. नव्या महामार्गांवरील सुविधा केंद्रांत काही गाळे वाजवी भाड्याने लगतच्या गावांतील खानावळींना आणि महिला बचत गटांना राखून ठेवता येतील. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. त्यामुळे भांडवल आणि संघटन मिळाल्यास या स्त्रिया काय करू शकतात, हे महाराष्ट्राला नव्याने शिकण्याचे कारण नाही. खासगी कंपन्यांनी जेवणाच्या लहान रकमांना बिलाची अट काढून दिवसाचा ठोक भत्ता द्यावा. सरकारने कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या खोलीची मर्यादा प्रत्यक्ष दरांशी जुळवून घ्यावी, आणि तालुक्याच्या गावची शासकीय विश्रामगृहे साहेबांच्या वाटेकडे डोळे लावून रिकामी न ठेवता फिरतीवरील शिक्षिकेला आणि परिचारिकेला आधी द्यावीत. परवाना देताना वा नूतनीकरण करताना स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि आतून बंद होणारे दार यांची तपासणी खरोखर व्हावी.

राहिला प्रश्न ज्याचा त्याने सोडवण्याचा. फिरतीवरच्या माणसाकडे असलेली तोंडी यादी त्याच्या निवृत्तीबरोबर संपते. ती प्रत्येक कार्यालयाने एका वहीत उतरवून ठेवावी, आणि तीत स्त्री सहकाऱ्यांना स्वतंत्र रकाना असावा. हाइन्सने आपल्या नोंदी मित्रांना धाडल्या, तेव्हा त्याच्याजवळही अनुभवाखेरीज दुसरे भांडवल नव्हते. आपल्याकडे तर बँका, शाळा, पंचायत समित्या आणि महाविद्यालये यांतून दरसाल हजारो माणसे फिरतीवर निघतात. त्यांच्या वह्या एकत्र आल्या, तर वळणरस्त्याच्या पलीकडे पडलेल्या एखाद्या चांगल्या खानावळीकडे जाणारी वाट पुन्हा वाहती होईल.